म्हातारीची चहाडी

चिमी म्हातारीवर रागावली होती, आणि म्हातारीला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं.

ही म्हातारी म्हणजे कोणी बाई नव्हे हं. भौतिकशास्त्राच्या इमारतीत, तळघरातल्या शेवटच्या खोलीत, शिशाच्या विटा रचून केलेल्या कोठीत बसवलेलं ते एक मोजयंत्र होतं. आत मुठीएवढा जर्मेनियमचा तुकडा, खाली द्रव नायट्रोजनची टाकी. अणूच्या गाभ्यातून सुटलेले किरण त्या तुकड्यावर आदळले की शेजारच्या संगणकावर ठिपके चढत जायचे, आणि एकाच ताकदीचे पुष्कळ किरण आले की त्या ठिकाणी सुळका उभा राहायचा. सुळका कुठल्या आकड्यावर आहे ते बघायचं आणि कोणता अणू बोलतोय ते ओळखायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. पण यंत्र होतं जुनं आणि नखरेल. नायट्रोजन पाजायला जरा उशीर झाला की रुसायचं, वरच्या मजल्यावर कोणी जड टेबल ओढलं की बिनसायचं. म्हणून तिचं नाव म्हातारी.

चिमीचं खरं नाव तिच्या अर्जांवर होतं, तिथेच राहू दे. घरात ती चिमी, आणि पीएचडीच्या सहाव्या वर्षातही चिमीच. तिच्या बरोबरीच्या मुली नोकऱ्यांत स्थिरावल्या होत्या, दोघींची मुलं शाळेत जायला लागली होती. ही आपली सकाळी उठायची, ढोपरापर्यंतचे हातमोजे घालून म्हातारीला नायट्रोजन पाजायची, दुपारी खालच्या वर्गातल्या मुलांचं प्रात्यक्षिक घ्यायची आणि उरलेला दिवस त्या पडद्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसायची. कोणी भेटलं की ठरलेला प्रश्न, "अजून शिकतेच आहेस?" आत्याचा त्याहून ठरलेला, "अणू म्हणजे ते बॉम्बचंच ना गं? जपून हो बाई!"

ती शोधत होती एक फार दुर्मीळ सुळका. इतका बारीक की महिनोन् महिने मोजावं तेव्हा कुठे ठिपक्यांच्या गर्दीतून डोकं वर काढेल, काढलंच तर. आणि गेल्या हिवाळ्यात त्याने काढलं की हो! रोज थोडं थोडं वर. चिमीची झोप उडाली. तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत आणि ज्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं, तेसुद्धा "बघू, बघू" म्हणाले. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आणि मग कळलं, की सुळका नमुन्याचा नव्हताच. नमुना ज्या बशीत ठेवला होता त्या बशीला लावलेल्या डिंकात काहीतरी होतं. म्हातारी चार महिने इमानेइतबारे डिंक मोजत बसली होती!

सर चष्मा पुसत म्हणाले, "डिंक बदल. परत मोज."

झालं. सहा वर्षांची मेहनत आणि त्यावर चार शब्द. चिमी त्या दिवशी रडली नाही. खोलीवर येऊन तिने आत्याला फोन केला. आत्याच्या ओळखीने एका विमा कंपनीत आकडेमोडीची जागा होती. "चालेल मला," चिमी म्हणाली. "पण बाबांना इतक्यात बोलू नकोस. मी स्वतः सांगेन."

बाबांना सांगणं हीच तर खरी परीक्षा होती. बाबा शिंपी. गावातल्या लहानशा दुकानात अख्खा जन्म मशीनवर वाकून गेलेला. चिमीला इथे प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी स्वतः तिचा पांढरा कोट शिवला होता, आतल्या बाजूला चोरखिसा ठेवून. "शास्त्रज्ञांना लागतो खिसा," म्हणाले होते, जसं काही चार शास्त्रज्ञ रोज मापं द्यायला येत होते त्यांच्याकडे. गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगायचे, "आमची चिमी अणूचं बघते." अणूचं काय बघते ते विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तर बाबांचीही पंचाईत झाली असती.

तेच बाबा आज येणार होते. घाऊक बाजारातून कापड घ्यायचंय, म्हणाले, दुपारी मोकळा होईन. चिमीने ठरवलं, आज सांगून टाकायचं. पण त्याआधी एकदा त्यांना म्हातारी दाखवायची. सहा वर्षांत घरातल्या कोणी ती बघितली नव्हती. निदान जिच्यापायी लेकीचे केस पांढरे व्हायला लागले ती बया त्यांनी डोळ्यांनी बघावी!

बाबा फाटकापाशी उभे होते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बटणं लावलेली, हातात पाण्याची मोठी बाटली. कापडाचं गाठोडं मात्र दिसत नव्हतं.

"कापड?"

"पसंत नाही पडलं."

आणि इथे चिमीला पहिल्यांदा खटकलं. बाबांची एक सवय होती. लेक भेटली की आधी तिची कॉलर सरळ करायची, मग पुढचं बोलणं. हॉस्टेलवर सोडायला आले तेव्हा, परत घरी आली तेव्हा, आजारी पडली तेव्हासुद्धा. मोठी झाल्यावर तिला लाज वाटायची, "बाबा, लोक बघतात!" तरी हात जायचाच. आज हात गेला नाही. ती जवळ गेली तसे ते मागे सरकले आणि म्हणाले, "हं, चल, तू पुढे हो."

कॅन्टीनमध्येही तेच. ती शेजारी बसायला गेली, तर यांनी मधल्या खुर्चीवर पिशवी ठेवली. तिने पिशवी उचलायला हात पुढे केला, तर हे उठून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. चहा अर्धा टाकला, पाणी मात्र घटाघटा पीत राहिले आणि दोनदा उठून बाथरूमला जाऊन आले. ती बोलत होती, ते मान हलवत होते, पण लांबून.

चिमीने मनाशी ताडलं. आत्या बोलली वाटतं! तरीच. बाबा चिडले की आरडाओरडा करत नसत. ते गप्प बसत, आणि ते गप्प बसणं मार खाण्यापेक्षा वाईट. पण असं अंग चोरून बसणं? तिने काय एवढं पाप केलं होतं? तिला रागही आला आणि रडूही आलं.

"चला," ती जरा तोडूनच म्हणाली, "खाली चला. यंत्र दाखवते."

सकाळीच तिने म्हातारीची साफसफाई केली होती, नवी बशी बसवली होती. कोठीचं शिशाचं झाकण अजून उघडं होतं आणि रिकाम्या खोलीचं मोजणं तिने मुद्दाम चालू ठेवलं होतं. बाबांना दाखवायला बरं. ती दाराशी थांबून सांगायला लागली, अगदी वर्गात सांगते तसं, "बाबा, कोणी काही ठेवलं नाही तरी ही काहीतरी मोजतेच. भिंतीत थोडं असतं, जमिनीत असतं, आपल्या अंगातसुद्धा असतं. ते बघा पडद्यावर, छोटे छोटे सुळके..."

पडद्यावर छोटे छोटे सुळके नव्हते.

होते, पण पार तळाला चेपले गेले होते, आणि डाव्या हाताला एकच एक खांब उभा होता. वर वर चाललेला. बघता बघता पडद्याची मोजपट्टी बदलत होती, तरी मावत नव्हता. म्हातारीची मोजता मोजता दमछाक झाली होती.

चिमी धावत पडद्यापाशी गेली. "परत? अहो परत काय झालं हिला!" तिला वाटलं, सकाळच्या साफसफाईत आपण काहीतरी सांडलं. यंत्र खराब केलं. जाता जाता हेही आपल्याच नावावर! "बाबा, तुम्ही बाहेर थांबा, कशाला हात लावू नका," म्हणत तिने त्यांना जवळजवळ हाकललंच. ते निमूट बाहेर गेले, बोळाच्या टोकापर्यंत.

तिने कापड घेतलं, बशी पुसली, हातमोजे बदलले आणि पडद्याकडे बघितलं. खांब थांबला होता. जिथे होता तिथेच.

"आता बरी शहाण्यासारखी वागायला लागलीस," ती म्हातारीला म्हणाली आणि मोजणं पुसून नव्याने चालू केलं. भिंतीचा सुळका, जमिनीचा सुळका, सगळी जुनी ओळखीची मंडळी हळूहळू गोळा झाली. तिने हुश्श केलं. "या बाबा आत."

बाबा दारात आले, आणि खांब परत उठला.

ती वळून बघायला लागली. आधी पडद्याकडे, मग बाबांकडे, मग परत पडद्याकडे. खांब कुठे होता? एकशे चाळीसच्या खुणेवर. हा आकडा ती मुलांना पाठ करायला लावायची. टेक्नेशियम. भिंतीत नसतं, जमिनीत नसतं, या इमारतीतल्या कुठल्याच कपाटात नव्हतं. ते फक्त एका ठिकाणी असतं. मोठ्या रुग्णालयात सुईने माणसाच्या अंगात सोडतात, आतलं काय बिघडलंय त्याचा फोटो काढायला. सहा तासांत निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीच. म्हणजे हे आजचं होतं. सकाळचं.

"बाबा," ती म्हणाली. "बाही वर करा."

"कशाला? काय झालं?"

"करा ना बाबा."

त्यांनी बटण सोडलं. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा होता, वर चिकटपट्टी.

"हे तुझ्या यंत्राने सांगितलं?" बाबा थक्क होऊन बघत राहिले. "काय चहाडखोर आहे गं ही!"

चिमीला हसू आलं नाही. "भरपूर पाणी प्या म्हणाले असतील. हाडांचा फोटो काढलात ना? का? खरं सांगा."

बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले. पाठ फार दिवस दुखत होती, म्हणाले. मशीनवर वाकून असेल म्हणून अंगावर काढली. मग रक्त तपासलं तर काहीतरी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, हाडात काही उतरलंय का बघून घेऊ. परवा कळेल. असेलही, नसेलही.

"आईला माहीत आहे?"

"तिनेच पाठवलं."

"आणि आत्याला?"

"ती आली होती सोबत. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाजारात फिरतेय."

"वा! म्हणजे अख्ख्या घराला माहीत आणि मला सांगितलं ते या म्हातारीने!" आणि एवढं बोलून चिमी जी रडायला लागली, तिने डिंकाच्या दिवशीचंसुद्धा सगळं त्यात रडून घेतलं.

बाबा उठले, दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थबकले. हात पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेतला. "रडू नकोस गं. तू सोडून देतेयस ते मला माहीत आहे. आत्याच्या पोटात काय राहतंय! मला राग नाही आला. सोडायचं तर सोड, विम्याची नोकरी काही वाईट नाही. पण म्हटलं, हे कळलं की तू माझं निमित्त करशील. बाबांसाठी सोडलं, असं जन्मभर म्हणशील आणि त्यातच समाधान मानशील. मला नव्हतं व्हायचं निमित्त. तुझ्या मनाने काय ते कर."

चिमीने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. सहा वर्षं ती या यंत्राला खोटारडी म्हणत आली होती. आणि खरं तर हिने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. डिंक होता तेव्हा डिंक सांगितला. आज न विचारता एवढं मोठं सांगून बसली होती.

"परवा मी येणार," ती म्हणाली. "रिपोर्ट काहीही असो. आत्या नाही, मी."

"ये की."

"आणि आता जरा बाहेर उभे राहा. तुम्ही इथे असलात तर ही दुसरं काही मोजायची नाही."

बाबा बाहेर गेले. चिमीने नमुना नव्या बशीत ठेवला, शिशाचं जड झाकण ओढून बसवलं, नायट्रोजन बघितला. विम्याच्या नोकरीचं काय करायचं ते तिने अजून ठरवलं नव्हतं. पण मोजणं लावून ठेवायला काय हरकत होती? तिने सुरूचं बटण दाबलं आणि पडद्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. "नीट मोज गं बाई."

बाहेर बोळात बाबा परत त्या टोकाला, भिंतीला टेकून उभे होते. ती चालत गेली तसे ते सवयीने बाजूला सरकले.

"आता का लांब पळताय? आता तर सगळं कळलंय."

"तसं नाही गं." बाबा ओशाळले. "त्या नर्सबाईंनी बजावलंय. आजचा दिवस लहान मुलांच्या जवळ जाऊ नका, म्हणाल्या. त्यांना बाधतं."

चिमी त्यांच्याकडे बघतच राहिली. केसांत पांढरं डोकावणारी, रोज असल्याच किरणांच्या सोबतीत बसणारी ती बाई. "बाबा, अहो, मी एकोणतीस वर्षांची आहे."

"हो, ते आहेच," बाबा म्हणाले. "पण म्हटलं, उगाच कशाला."

ती पुढे झाली आणि त्यांना अगदी खेटून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. बाबा अवघडले, इकडेतिकडे बघितलं, जणू ती नर्सबाई मागून येऊन ओरडणार होती. कोणी आलं नाही. मग त्यांचा हात हळूच वर आला.

"कॉलर बघ कशी झालीय," ते म्हणाले, आणि त्यांनी ती सरळ केली.