डाग मोजणाऱ्यांची खोली

परळीत आमच्या घरी दोरीवरचे कपडे घडी करायच्या आधी झटकावे लागतात. त्यांच्यावर वीजकेंद्राची राख बसलेली असते. कुणी आणून टाकत नाही, बसते आपली. आमच्या खोलीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. झटकावेत म्हणून लिहायला बसले, तर आणखीच उडायला लागले!

खोली म्हणजे पाटोद्याच्या कॉलेजातली जिमखान्याची जुनी स्टोअररूम. स्कॅनर कॅरमबोर्डवर ठेवलेला आहे, कारण टेबलाची मागणी 'विचाराधीन' आहे.

काम काय, ते आधी सांगते. उमापूरला निजामाच्या काळापासून एक मास्तर होते. रोज सकाळी शाळेआधी छोटी दुर्बीण सूर्याकडे लावायचे, तिच्यामागे कोरा कागद धरायचे आणि कागदावर पडलेल्या सूर्याच्या बिंबात जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलीनं गिरवायचे. पेन्शनीत निघाले तरी सोडलं नाही. असे जुने कागद फार थोड्या ठिकाणी उरलेत, आणि सूर्य पूर्वी कसा वागायचा हे कळायला शास्त्रज्ञांना ते हवे असतात. मास्तरांच्या नातवानं ते पत्र्याच्या शेडमधून काढून आमच्या हवाली केले. पुण्याची एक संस्था ते कायमचे जपायला तयार आहे. फक्त करारावर आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची, म्हणजे आप्पांची, सही पाहिजे.

तीच मिळेना! नाही मिळाली तर कागद परत शेडमध्ये, वाळवीच्या ताब्यात. आणि ह्याच कामापुरती नेमलेली मी परत परळीला, आईच्या 'मुलगा इंजिनिअर आहे' च्या ताब्यात. दोन्हींत वाळवी परवडली.

*

स्कॅनिंगला आम्ही सानपला घेतला. आधी लग्नाच्या फोटोंचं काम करायचा, त्यामुळे कॉम्प्युटरवर हात एकदम सफाईदार. पहिल्याच आठवड्यात त्यानं गठ्ठाच्या गठ्ठा संपवला. मी फाइल उघडली. कोरा सूर्य. दुसरी उघडली. कोरा सूर्य. तिसरी, चौथी, सगळे लख्ख!

मास्तर इतकी वर्षं रिकामे गोल काढत होते की काय?

"सानप, ह्याच्यावर डाग होते ना हो?"

"होते की! लई होते," सानप कॉलर ताठ करत म्हणाला. "येकेक करून काढले, मॅडम. नवरीचा चेहरा बी इतका साफ केला न्हाई आजवर!"

मूळ कागद शाबूत होते म्हणून मी आज हे लिहिते आहे.

*

कागदांवरची टिपणं उर्दूत. ती वाचायला काझी चाचा येतात, रिटायर्ड तलाठी. ते मोठ्यानं वाचतात आणि सानप टाइप करतो. "मतला साफ" म्हणजे आभाळ मोकळं, "अब्र" म्हणजे ढग. 'आकाशाची स्थिती' ह्या रकान्यात एवढंच भरायचं.

एका दिवशी चित्रच नव्हतं. चाचांनी टीप वाचली, "आज इन्स्पेक्टरसाहेब तशरीफ लाए. आफताब पाहायची फुरसत मिळाली नाही." शाळा तपासायला साहेब आले म्हणून सूर्य पाहायचा राहिला, एवढंच. मी तेव्हा चहाला गेले होते. सानपनं रकाना भरला आणि नमुना म्हणून तीच फाइल पुण्याला धाडली.

दोन दिवसांनी पुण्याहून अत्यंत सभ्य ई-मेल आली.

"आपल्या नोंदींत एका ठिकाणी आकाशाची स्थिती 'इन्स्पेक्टर' अशी दिली आहे. हा ढगांचा मराठवाड्यातला स्थानिक प्रकार आहे काय?"

चाचांना वाचून दाखवली. ते चष्मा पुसत म्हणाले, "लिखो बेटा, हां. सब कुछ झाकून टाकतो."

*

आमचे विभागप्रमुख गर्जे सर. चष्मा कायम स्टाफरूममध्ये विसरतात, आत्मविश्वास मात्र बरोबर असतो. एकदा त्यांनी कागद उजेडात धरला आणि ओरडलेच, "मॅडम! अहो, केवढा हा डाग! एवढा मोठा जगात कुणी नोंदवला नसेल. बातमी द्या!"

वर्तमानपत्रवाल्याला फोन लावूनही झाला. मी मापं घ्यायला पट्टी टेकवली, आणि डाग चालायला लागला.

मी किंचाळले. मी तशीही लवकर किंचाळते. स्कॅनर सुरू झाला तरी दचकते, असं सानप सगळीकडे सांगत असतो. पण ह्या वेळी कारण होतं! डाग सूर्याच्या कडेपर्यंत गेला, तिथे थांबला, मिशा हलवल्या.

"सर, हा फिरतोय!"

"फिरणारच!" सर चष्म्याशिवाय कडाडले. "सूर्य स्वतःभोवती फिरतो, मॅडम. एवढंही बीएस्सीला शिकवलं नाही का तुम्हाला?"

*

मास्तरांची पद्धत नीट समजावी म्हणून आम्ही गच्चीवर दुर्बीण लावून तसंच बिंब कागदावर पाडलं. मला धास्ती एकच, कुणी थेट दुर्बिणीतून सूर्य पाहिला तर डोळे जातील. म्हणून जिन्यात मोठ्या अक्षरांत पाटी लावली: सूर्याकडे पाहू नये.

जो जो ती पाटी वाचायचा, तो आधी थबकायचा आणि मग मान वर करून सूर्याकडे पाहायचा. "कावून बरं? काय झालंय त्याला?"

शेवटी पाटी काढली. मग कुणीच पाहिलं नाही.

*

इकडे सहीचं घोंगडं भिजतच होतं. गर्जे सर आप्पांच्या बंगल्यावर जायचे, पाणी पिऊन परत यायचे. "आप्पा म्हणाले, बघू," एवढाच निरोप. पुण्याच्या संस्थेनं दिलेली मुदत संपत आली, तशा तिथल्या मॅडम स्वतःच आल्या. शांत बाई, मान खाली घालून हळू बोलणाऱ्या. त्यांना, सरांना आणि कागदांची फाइल छातीशी धरलेल्या मला बंगल्यावर बोलावणं आलं.

ओसरीवर माणसांची गर्दी, कोपऱ्यात रंगाचे डबे घेऊन बसलेला पेंटर. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती.

आप्पांनी करार उलटासुलटा केला आणि टाकला टीपॉयवर. "मॅडम, आमच्या पॅनलची निशाणी काय हाय?"

"सूर्य," सर पुटपुटले. सरांच्या आणि माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला.

"आन् तुमी काय शोधून ऱ्हायले? सूर्यावर डाग! माझ्याच कॉलेजात, माझ्याच लायटीवर! उद्या विरोधक सभेत म्हणतील, बघा, आप्पांच्या मॅडमनीच मोजून दिलेत!"

पुण्याच्या मॅडमना ह्यातलं राजकारण कितपत कळलं, देव जाणे. त्या वर्गात शिकवावं तशा म्हणाल्या, "पण डागांनी सूर्याचं काही कमी होत नाही. उलट डाग खूप असतात त्या काळात सूर्य एकूण किंचित जास्तच तळपतो."

आप्पा पुढे झुकले. "परत म्हणा."

मॅडम परत म्हणाल्या.

"शास्त्रात हाय हे?"

"आहे ना. मोजलेलं आहे."

आप्पा पेंटरकडे वळले. "ऐकलं का बे? सगळ्या भिंतीवरच्या सूर्यांवर डाग रंगवायचे! आपुनच काढले म्हंजी त्यानला काढायला जागाच न्हाई!" मग मला म्हणाले, "ताई, तुमच्या मास्तरचा सगळ्यात जास्त डागाचा दिवस द्या ह्याला."

मी फाइलमधून त्या दिवसाच्या चित्राची प्रत काढली. आप्पांनी ती नाकाशी धरून पाहिली. खिशातून पेन निघालं होतं. टोपणही निघालं होतं.

"एवढेच व्हय? हितं वर चार-दोन वाढवा की. कागदावर बी वाढवा, म्हंजी कुणी तपासाया आलं तर जुळाया पाहिजे. मग करतो सही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'वाढवा' असंच लिहिलं होतं. आणि माझ्याच तोंडून आवाज आला, "कागदावर नाही वाढवता येणार, आप्पा. मास्तरांनी पाहिले तेवढेच."

आप्पांना 'नाही' ऐकायची सवय नसावी. एक कार्यकर्ता उभाच राहिला. भीतीनं का कशानं, माझ्या कोपराचा धक्का टीपॉयवरच्या पाण्याच्या ग्लासला लागला आणि तो फरशीवर असा वाजला, की मी सोडून पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी दचकलं. आप्पा!

त्यांनी छातीवर हात ठेवला. मग हसले. "बरं, कागदावर नको. भिंत माझी हाय." आणि केली सही.

कागद पुण्याला पोचले. पाटोद्यात बाजारापासून स्टँडपर्यंत प्रत्येक भिंतीवर डागाळलेला सूर्य तळपू लागला. मास्तरांपेक्षा चार-दोन डाग जास्तच.

त्याच आठवड्यात दुपारी आमच्या खोलीचं दार वाजलं. मी दचकले. दारात एक पांढऱ्या कपड्यातले पाहुणे, मागे त्यांचा पेंटर. आप्पांच्या विरोधी पॅनलचे, सानप कानात कुजबुजला. पाहुण्यांनी आत डोकावून स्कॅनर पाहिला, सूर्यांच्या प्रती पाहिल्या, आणि अगदी अजिजीनं म्हणाले,

"मॅडम, आमची निशाणी कपबशी हाय. तिच्यावर बी काय निघतंय का, जरा बघा की. आमी भिंती रंगवायच्या थांबवल्यात."