अकरा काड्यांचा गठ्ठा

शाळेचा निरोप शुक्रवारी आला. तिसरीतली माझी नात सोमवारपासून गणिताला पहिलीच्या लेकरांत बसणार. नातीनं दप्तर खुंटीला अडकवलं. "मी नाही जात आता शाळेत," म्हणाली आणि जेवायला बसली. रडली नाही, म्हणून मला धसका बसला. रडणारं लेकरू दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं शाळेत जातं.

मी चौथीपर्यंत शिकले, मारेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात. तिसापर्यंत पाढे होते आणि चुकलं की छडी. पावकी, निमकी मला अजून तोंडपाठ आहे. नातीच्या शाळेत मात्र काड्या मोजतात. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्यांचे, बोटभर तुकडे करायचे, दहा झाले की रबर लावून गठ्ठा बांधायचा आणि त्या गठ्ठ्यांनी बेरीज-वजाबाकी करायची. मला तो पोरखेळ वाटायचा. तुराट्या चुलीत घालायच्या असतात.

शनिवारी सकाळी नातीचा हात धरून निघाले.

सून म्हणाली, "आई, मॅडमसंग भांडू नका."

"मी भांडालेच चालली."

वर्गात शिरल्या शिरल्या मी विचारलं, "मॅडम, माही नात पहिलीत कायले बसवून राह्यले तुम्ही? वीसपर्यंत पाढे येतात तिले. मी पाठ करून घेतले."

मॅडम वयानं लहान, पण दबणारी नव्हती. "पाढे येतात, आजी. दहा काड्या मोजता येत नाहीत."

तिनं नातीपुढे काड्यांचा ढीग ठेवला. नातीनं मनातल्या मनात मोजून गठ्ठा बांधला. मॅडमनं तो माझ्या हातात दिला. मी मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या, पुन्हा अकरा.

"महिना झाला," मॅडम म्हणाली. "तोंडानं शंभरपर्यंत म्हणते. गठ्ठा बांधला की अकराचा."

मी नातीला म्हटलं, "मोठ्यानं मोज वं. मले ऐकू दे."

नातीनं पहिली काडी उचलली. "लाभ." मग दुसरी. "एक. दोन. तीन."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, आणि त्यापुढची पायली थेट दोन. नात माझ्याजवळ बसून पाहायची. लाभ मी मोठ्यानं म्हणते, पुढचं ओठातल्या ओठात. लाभ म्हणजेच एक, हे तिला कधी सांगितलं नाही. तिनं धरून घेतलं की पहिलं देवाचं, मोजणी त्यानंतर.

मॅडमनं विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?"

नात खाली पाहत राहिली. माझं नाव घेतलं नाही.

"मी शिकवलं," मी म्हटलं. "चूक माही हाय. पहिलीत बसवाचं तं मले बसवा."

"बसा मग," मॅडम म्हणाली आणि सतरंजी दाखवली. मी बसले. आता उठून जाण्यात काय अर्थ होता?

लाभ म्हणजेच एक, हे मॅडमनं नातीला दोनदा सांगितलं. मग गणित घातलं, त्रेचाळीसमधून सतरा. नातीनं आपले चार जुने गठ्ठे घेतले. आधी प्रत्येकातली एकेक काडी काढून बाजूला सारली. मग तीन सुट्या काड्या मांडल्या. तिनातून सात जाईनात, तेव्हा तिनं एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि दहा काड्या त्या तिनांत मिसळल्या.

असली गणितं मी पाटीवर पुष्कळ केली. शेजाऱ्याकडून एक उसना घ्या, असं गुरुजी म्हणायचे. एक घेतला तर त्याचे दहा कसे होतात, हे मी एकदा विचारलं होतं. छडी मिळाली, पुन्हा विचारलं नाही. त्या रबर काढलेल्या गठ्ठ्यात मला ते या वयात दिसलं.

"सव्वीस," नात म्हणाली.

मॅडमनं काड्या मोजल्या. "सोमवारी तिसरीतच बसायचं. आजी, पाढे सोडू नका. पण घरी मोजताना जरा..."

"लाभ सोडणार नाही मी. पण सांगून मोजीन."

सोमवारी नातीनं खुंटीवरचं दप्तर काढलं. चुलीजवळच्या तुराट्या मोडून एक गठ्ठा बांधला. दारात मी तो हिसकून घेतला आणि मोजला.

दहा होत्या.

"जाय," मी म्हटलं.