काबूलच्या रेडिओबाई

रेडिओबाई कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी वेळ सांगत. हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर ज्या सुपरमार्केटात मी टिलवर, म्हणजे गल्ल्यावर, बसायचे, तिथे त्या शेल्फ भरायच्या कामाला लागल्या होत्या. एका सकाळी कस्टमर सर्व्हिसची मुलगी आली नाही, म्हणून कीथ मॅनेजरने त्यांच्या हातात माइक दिला. चार नंबरच्या आइलमध्ये, म्हणजे शेल्फांमधल्या गल्लीत, अंडी फुटली होती. "क्लीनर टू आइल फोर" एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी पाठ ताठ केली, घोटभर गरम पाणी प्यायल्या आणि संथ, खर्जातल्या इंग्लिशमध्ये सुरुवात केली. "दहा वाजून सतरा मिनिटं झाली आहेत. चार नंबरच्या आइलमध्ये अंड्यांचे दोन खोके पडून फुटले आहेत. जीवितहानी झालेली नाही. सफाई कर्मचारी घटनास्थळाकडे निघाले आहेत." अख्खं दुकान थबकलं. माझ्या टिलसमोरच्या गोऱ्या आजोबांनी तर चक्क टोपी काढली.

कीथ धावत आला. "लव्ह, फक्त आइलचा नंबर सांगायचा!"

"मिस्टर कीथ," बाई म्हणाल्या, "मी चौदा वर्षं अर्धवट बातम्या वाचल्या आहेत. आता अंड्यांची असली तरी पूर्ण वाचणार."

काबूलच्या रेडिओवर त्या बातम्या वाचायच्या, हे तेव्हा आम्हाला कळलं. मी घरी येऊन सांगितलं आणि आमच्या घरापुरत्या त्या 'रेडिओबाई' झाल्या. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पेशावरमार्गे लंडनला आल्या होत्या आणि एका ड्रायक्लीनरच्या वरच्या खोलीत राहत होत्या. आश्रयाचा अर्ज लटकलेला होता. सहा महिन्यांनी कामाची परवानगी तेवढी मिळाली होती. पेशावरात शिकलेल्या उर्दूत त्या बोलत, मी माझ्या नाशिकच्या हिंदीत, आणि आमचं छान चाले. मला त्या 'सुनंदाजान' म्हणत. आमचे हे पहिल्यांदा ते ऐकून दचकले. काबूलकडे दूधवाल्यालाही जान म्हणतात, असं बाईंनी समजावल्यावर जरा खट्टू झाले.

आवाज हाच त्यांचा धर्म होता. बर्फ नाही, लोणचं नाही, मोठ्याने हसणं नाही. चहासुद्धा साखरेचा खडा दातात धरून, घशाला चटका बसणार नाही असा. आमच्याकडे टीव्हीवर बातम्या लागल्या की त्या बातमीकडे ढुंकूनही पाहत नसत. कुठे सरकार पडो, कुठे पूर येवो, बाई म्हणणार, "या माणसाचा श्वास वाक्याआधी संपतो." गणपतीत आमच्या हॉलमध्ये ह्यांनी अथर्वशीर्ष म्हटलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर हे मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघायला लागले. "भाषा मला कळली नाही," बाई म्हणाल्या, "पण भाईसाहेब, तुम्ही जे वाचलंत त्यावर तुमचा विश्वास नाही." हे आठवडाभर घुश्शात होते. खरं म्हणजे त्यांचा नव्हताच.

मग आश्रयाच्या अर्जावरच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं. बाईंच्या वकिलाने विनंती केली म्हणून मला सोबत बसू दिलं, एकही शब्द बोलायचा नाही या अटीवर. ही अट घरीही लागू करता येईल का, अशी ह्यांनी चौकशी केली.

टेबलापलीकडे एक ऑफिसर बाई, बाजूला टाय लावलेला तिशीतला अफगाण दुभाषा. ऑफिसर बाईने विचारलं, "तुम्ही रेडिओवर होतात, याचा पुरावा?"

रेडिओबाईंकडे कागदाचा कपटा नव्हता. फारसीत त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दुभाषा इंग्लिशमध्ये सांगू लागला. नवे राज्यकर्ते शहरात शिरले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे कामावर गेल्या. फाटकावरचा बंदूकवाला म्हणाला, आजपासून बायकांचा आवाज बंद, घरी जा. बाई म्हणाल्या, माझा चष्मा आत टेबलावर आहे. तो म्हणाला, वाचायचंच नाही तर चष्मा कशाला? त्यानंतर आठ महिने त्या खिडकीच्या काचा रंगवून घरात बसल्या. पुरुष सोबत असल्याशिवाय पाव आणायला बाहेर पडता येईना, आणि घरात पुरुषच नव्हता. शेजारच्या सात वर्षांच्या पोराला 'सोबतचा पुरुष' म्हणून घेऊन त्या बाजारात जात. "तो वाटेत रडायला लागला," बाई म्हणाल्या, "की मी त्याला कडेवर घ्यायची. म्हणजे मग माझा रक्षणकर्ता माझ्या कडेवर." ऑफिसर बाईला हसू आलं, तिने ते आवरलं.

दुभाष्याला मात्र हसू आलं नाही. त्याने पेन खाली ठेवलं. "मला हे काम करता येणार नाही," तो इंग्लिशमध्ये म्हणाला. "मी ह्यांना ओळखतो."

"नातेवाईक?"

"नाही. हा आवाज रोज संध्याकाळी आमच्या घरात असायचा. मी शाळेत होतो. माझ्या वडिलांना, ते प्रोफेसर होते, तेव्हाच्या सरकारच्या माणसांनी गाडीत घालून नेलं. त्या संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, शहरात सर्वत्र शांतता आहे. मी ह्यांच्याशी निष्पक्ष राहू शकत नाही."

ऑफिसर बाईने शब्द न् शब्द लिहून घेतला आणि इंटरव्ह्यू तिथेच थांबवला.

बसस्टॉपवर तो दुभाषा उभा होता. मी बाईंना दुसरीकडे ओढत होते, पण त्या सरळ त्याच्यापाशी गेल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. त्याने एका कागदावर पत्ता लिहून दिला.

"केंब्रिजला त्याची आई आहे," बसमध्ये बाई म्हणाल्या. "म्हणतो, मला काही सांगू नका, तिला सांगा." मग म्हणाल्या, "ते खोटं आहे हे मला माहीत होतं, सुनंदाजान. वाचलं नसतं तर मलाही नेलं असतं. पण निदान आवाज तरी वाईट लावायचा होता. तोही मी चांगला लावला."

दोन महिन्यांनी दुसऱ्या दुभाष्याबरोबर इंटरव्ह्यू पार पडला आणि राहायची परवानगी आली. वकिलाने सांगितलं, फाइलमध्ये पुरावा म्हणून एकच गोष्ट होती, त्या रागावलेल्या माणसाचं बोलणं. त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. बाईंनी पत्राची घडी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "रविवारी केंब्रिज."

ट्रेनमध्ये त्या कागद काढून बसल्या होत्या. माफीचा मजकूर लिहून काढला होता. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, याच्या खुणा पेन्सिलीने केल्या होत्या. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपासून ओठ हलत होते.

दार दुभाष्यानेच उघडलं. आत खिडकीपाशी त्याची आई, शाल पांघरून. बाईंनी कागद धरला आणि आपल्या त्या सुंदर, मऊ आवाजात सुरुवात केली. म्हातारीने कानाला हात लावला आणि काहीतरी ओरडली.

"आई म्हणते, मोठ्याने बोला," मुलगा हळूच मला इंग्लिशमध्ये म्हणाला. "तिला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं. सांगायचं राहिलं."

बाईंनी आवाज वाढवला. "अजून!" अजून वाढवला. "काय? अजून!" शेवटी रेडिओबाईंनी कागद बाजूला टाकला, उभ्या राहिल्या आणि जन्मात पहिल्यांदा ओरडल्या. पेन्सिलीच्या खुणा कुठल्या कुठे गेल्या. आवाज चिरकला, फाटला, मध्येच रडं फुटलं, तरी ओरडतच राहिल्या. शेजारची इंग्लिश बाई सगळं ठीक आहे ना विचारायला आली. मुलाने तिला दारातूनच परत पाठवलं. आणि जे भाषांतर त्याला त्या दिवशी करता आलं नव्हतं, ते तो माझ्या कानाशी करत होता. "म्हणतायत, तुमच्या नवऱ्याला नेलं त्या दिवशी मी खोटं वाचलं. मला माहीत होतं आणि मी वाचलं."

म्हातारीने कानावरचा हात काढला. मग ती बोलली, आणि मुलाने तेही सांगितलं. "म्हणते, आता ऐकू आलं. तू वाचलं नसतंस तर दुसऱ्या कुणी वाचलं असतं. पण तू वाचलंस. चल, जेवायला बस, पुलाव गार होतोय."

परतीच्या प्रवासात बाईंचा घसा पार बसला होता. त्यांनी हातवाऱ्यांनीच मला सांगितलं, पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय.

नंतर त्या दर रविवारी जाऊ लागल्या आणि वर्ष संपायच्या आत केंब्रिजलाच, म्हातारीच्या मागच्या गल्लीत, राहायला गेल्या. त्यांना गाडीत बसवून आले तेव्हा मला वाटलं, संपलं आता सगळं. पण दर महिन्याला फोन येई. दिवसभर त्या म्हातारीशी बोलून बोलून त्यांना हळू बोलण्याची सवयच राहिली नव्हती. मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायची, हे स्वयंपाकघरातून विचारायचे, "काय म्हणतायत बाई?" आणि मी म्हणायची, "या ना, तुम्हीही ऐका. तिथून ऐकू येतंयच म्हणा."