पास्कू मिरांडाची नवी नातेवाईक

माझी जयंती आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाली, तिचा आवाज नाही झाला. एरवी ती अस्सल बोरिवलीची: "उठ गं, दुपार झाली, लोळतेय काय!" पण खोटं बोलायचं असलं की गळ्यात साखर आणि नाकात थोडी हवा: "कृपया थांबा हं, आपलंच काम चाललंय." दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, माझे बाबा, सगळे त्या आवाजाला फसलेत.

मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, ही जिओकॅशिंगला लागली. म्हणजे कुणीतरी शहरात एक डबी लपवतं, जागा ॲपवर टाकतं. आपण फोन घेऊन ती हुडकायची, आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि कुणाला न दिसता परत ठेवायची. पहिल्या सहीचा मान मोठा. तो आत्याला एकदाही मिळाला नव्हता, कारण मुलुंडचा केयूर. बाइकवाला. आत्या बस बदलून पोचेपर्यंत त्याची सही वाळलेली असायची. मागच्या वेळी तर त्याने ॲपवर लिहिलं, "नाइस ट्राय, आंटी."

"आंटी!" आत्या भांडी आपटत म्हणाली. "पुढची डबी माझी. नाहीतर ॲपच उडवते."

पुढची डबी निघाली अंधेरीतल्या एका गावठाणात. टॉवरांमध्ये चेपलेल्या गल्ल्या, छोटंसं चर्च, आणि अंगणात एक दगड: पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याकडे जाऊन परत न आलेल्या गावच्या पोरांची नावं. आम्ही रिक्षाने सुटलो. दगडाभोवतीच्या लोखंडी कठड्याच्या नळीत आत्याने बोट घातलं आणि तिचा चेहरा उजळला. डबी होती!

"काय गो बाय, काय हरवलं तुजा?"

समोरच्या घराच्या पायरीवर एक म्हातारी: फिलोमिना आंटी, नाव नंतर कळलं. मांडीवर लसूण निवडायचं सूप, नजर सीसीटीव्हीची. आत्याने बोट झटकन बाहेर काढलं आणि साखर सोडली, "काही नाही हं. आमच्या पणजोबांचं नाव शोधतेय."

"कंचं?"

आत्याने न बघताच दगडावर बोट टेकवलं. पी. मिरांडा.

सूप खाली. लसूण सगळीकडे. "पास्कू? आमचा पास्कू! माज्या बापाचा काका!" आंटी उठलीच. "तो तर बिनलग्नाचा गेलेला! म्हंजे बोटीबरोबर बुडाला नाय? आमी दर वर्साला मेणबत्ती लावतो, न हा तिकडं संसार करून बसला!"

खिडक्या धडाधड उघडल्या. शंभर वर्षं जुनी भानगड, तीही ताजी! शेजारची शकूबाय आली, तिच्यामागे तिची सून आली, एक म्हातारा दाढीचा साबण तसाच ठेवून आला. "नाक बग, नाक! मिरांडाचाच!" आत्याचं नाक आमच्या आजीसारखं, म्हणजे शुद्ध रत्नागिरी.

मग ओसरीत खुर्च्या. गोल, गरम फुगे आले. हे इथले तळलेले पाव, पिठात अंडं. आत्याची संकष्टी. पण पास्कूच्या पणतीला संकष्टी कुठून असणार? ती गोड हसत एकेक फुगा माझ्या सॅकमध्ये सोडत होती. डोळे कठड्यावर.

तेवढ्यात बाइक थांबली. हेल्मेट काढून केयूर दगडाभोवती घिरट्या घालायला लागला. आत्याचा हात माझ्या मनगटावर आवळला. आता तो नळीपाशी वाकणार.

"हा कोन गो?" आंटीने विचारलं.

आत्याने श्वास घेतला. एक्स्चेंज सुरू. "हा ना? पास्कू पणजोबांच्या दुसऱ्या बायकोकडचा. आमचं बोलणं नाही."

"दुसऱ्या?!"

ओसरी रिकामी झाली. केयूरला अख्ख्या गल्लीने घेरलं. "ॲक्च्युअली मॅम, आय मीन, मी फक्त..." "लाजतो! तुजी पणजी बसऱ्याची काय रे? गोरी होती?" त्याला धरून आणून खुर्चीत बसवलं, तोंडात फुगा कोंबला. आत्या निवांत चालत गेली, डबी काढली, कोऱ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात सही केली, डबी परत ठेवली, वर एक फोटो काढला आणि ॲपवर टाकला: "नाइस ट्राय, बाळा."

केयूरचा फोन वाजला. त्याने बघितलं. तोंडात फुगा होता, नाहीतर काय बोलला असता कुणास ठाऊक.

निघताना आंटीने पिशवीभर फुगे दिले. "रविवारी पास्कूच्या नावानं चर्चमदे मिसा. तू न तो पोरगा, दोगं या."

रिक्षात आत्या फुग्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "जिंकलीस की!"

"जिंकले गं. पण त्या बाईच्या घरचा मुलगा गेलाय. मी त्याला दोन बायका लावून दिल्या." साखर नव्हती, हवा नव्हती. "रविवारी सांगून टाकते."

रविवारी चर्चच्या दारात ती घसा खाकरून बोलायला लागली, तेव्हा आंटीने तिचा दंड धरला. "एक बायको मी मानली असती गो. दुसरी आनलीस तवाच समजली. पन गल्लीत नको सांगू. पास्कूचं नाव कित्येक वर्सांत कुनी असं मोठ्यानं घेतलं नव्हतं. आत चल."

केयूर आधीच येऊन बसला होता. आत्या त्याच बाकावर बसली, मधे एक जागा सोडून, आणि मिसा संपेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मागे शकूबाय सुनेच्या कानात म्हणाली, "बग, सावत्र ते सावत्रच."