दार भांगात उघडतं

आधीच सांगून ठेवतो, ह्या किस्श्यातलं गाढव मी आहे. नाहीतर अर्ध्यावर पोचेपर्यंत तुम्ही सातपाटीच्या हरेश्वर काकांना हसाल, थोडंसं माझ्या पप्पांना हसाल, आणि शेवटी तोंडावर पडाल. मी पडलो तसे. फरक एवढाच, की मी पुण्याच्या एका मॅडमसमोर पडलो आणि कॅमेरा चालू होता.

तर मी केतन, राहणार कुंभवली. केमिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला ते विचारू नका. गेल्या दीड वर्षात गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ते विचारून झालंय, आणि उत्तर ऐकायला एकही थांबलेला नाही. ह्या लोकांना फक्त प्रश्न विचारायचा असतो. उत्तर ते घरूनच बनवून आणतात.

पप्पांचंही तेच. पंचवीस वर्षं तारापूरच्या एमआयडीसीत काढली, आता भाजी करपली तरी नाकाला कळत नाही, आणि मुलासाठी जागा कुठे बघून ठेवली? त्याच गेटच्या आत. एक तारखेपासून हेल्पर. ठेकेदाराला शब्दसुद्धा देऊन झाला होता. मला फक्त कळवण्यात आलं, पावसाची सूचना कळवतात तसं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला ती जाहिरात दिसली.

तुमच्यातले जे जरा वयस्कर आहेत त्यांना आठवत असेल. टीव्हीला डबा जोडायचा, त्यात पिवळी कॅसेट खुपसायची आणि आधी तिच्यात फुंकर मारायची. तसल्या कॅसेटवर एक बेटाचा गेम होता. हातात कंदील घेतलेला एक चौकोनी माणूस. चौकोनी म्हणजे खरंच चौकोनी, नाक कुठे आणि गुडघा कुठे ते आपणच ठरवायचं. बेटभर फिरून सामान गोळा करायचं, ह्याला ते जोडायचं, त्याला हे द्यायचं आणि शेवटी एका गुहेतलं दार उघडायचं. ते दार कोणाकडूनच उघडायचं नाही. कॅसेट खराब आहे असं म्हणून सगळे सोडून द्यायचे.

पुण्याच्या एका छोट्या कंपनीने त्या गेमचे हक्क घेऊन रिमेक केला होता. रिमेक म्हणजे हाडं जुनी, कातडी नवी. आता त्या माणसाला नाक होतं, वाऱ्याने केस उडत होते, लाटेला फेस येत होता. मी पहिला तासभर नुसता किनाऱ्यावर उभा राहून पाणी बघत होतो. पण कोडी सगळी तीच, जुनीच. कंपनीला तपासणीसाठी खेळाडू हवा होता. अट एकच होती, गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा सुटतो ते लिहून पाठवा आणि मग आमच्यासमोर खेळून दाखवा. दाखवलंत तर घरबसल्या नोकरी.

म्हणजे एका बाजूला ते दार आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचं गेट. एक तारखेपर्यंत दोन्हींपैकी काहीतरी एक उघडणार होतं.

मी नऊ दिवसांत सगळं सोडवलं. दार सोडून. गुहेच्या तोंडाशी पाण्याला अशी ओढ होती की माणूस दारापर्यंत पोचायचा, दाराचं चाक फिरवायला घ्यायचा आणि लाट त्याला फरफटत घेऊन जायची. मी त्याला शंभरदा तरी बुडवला असेल. जुन्या गेमच्या ग्रुपवर विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं.

मदत आली ती पप्पांकडून. ह्याचा मला अजून राग आहे. जेवताजेवता माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हा तो बेटाचा गेम ना? सातपाटीच्या हरेश्वरने संपवलेला. आमच्या वेळी बोयसरपर्यंत नाव झालेलं त्याचं."

नऊ दिवस हा माणूस माझ्या शेजारी बसून भात खात होता आणि आत्ता सांगत होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि पालघरवरून सरळ सातपाटी गाठलं. होड्या बंदरात ओळीने उभ्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते. हरेश्वर काका दारात जाळं विणत बसले होते, सून बाजूला बोंबील पालटत होती. साठीच्या जवळ आलेला माणूस, डोळे लाल, बनियनला भोकं. जगात जे कोणाला जमलं नाही ते ह्यांनी केलं? मला खरंच कुतूहल वाटलं. मी गेमचं नाव काढल्यावर ते हसले. म्हणाले, तेव्हा गावात एकाच्या खोलीवर मशीन होतं आणि भांगावर ते सगळे दिवसभर तिथेच पडलेले असायचे.

मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. पुढे चला.

"काका, ते शेवटचं दार उघडतं कसं?"

त्यांचा हात थांबला नाही. "भांगात जा."

"कशात?"

"भांगात. भांग लागला ना, का पानी वडत नाय. मग आरामात चाक फिरव."

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असतात? मी मनात म्हटलं, म्हातारा 'भांगेत' म्हणतोय, व्याकरण कच्चं आहे. ती भांग, तर हे 'भांग लागला' म्हणतायत. असेल ह्यांच्या बोलीत तसं. अर्थ तर सरळ होता. पिऊन टाइट झालं की पाण्याची ओढ जाणवत नाही.

मी जरा जवळ सरकलो आणि आवाज खाली केला. किती वेळा, म्हणून विचारलं.

"महिन्यातून दोनदा."

"एक-एक दिवस?"

"एक दिवस कसा? चार-पाच दिवस चालतो."

"आणि घरचे?"

"घरचे काय? अख्खा गावच भांगावर. बायकांना पन तेवडाच आराम."

मी विचारलं, पोलीस काही बोलत नाहीत का. काकांनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, पोलिसांचा काय संबंध, सरकारच त्याचा तक्ता छापतं. मला आठवलं, वर उत्तरेकडे कुठेतरी भांगेची सरकारी दुकानं असतात म्हणे. जुळलं. हे शिकवलं कोणी, तर म्हणे बापाने, सहाव्या वर्षी.

"दर्यावर जानाऱ्या पोराला भांग नाय कलला तर तो जगनार कसा?"

आणि वर म्हणाले, "आज पन भांगच हाय. म्हनून तर घरी सापडलो तुला."

मी त्यांच्या लाल डोळ्यांकडे बघितलं आणि खरं सांगतो, मला तो माणूस आवडला. आमच्याकडच्या मोठ्यांनी कॉलेजात ओढलेली एक सिगारेट आयुष्यभर लपवली, आणि हा माणूस भर दुपारी, सुनेसमोर सगळं कबूल करत होता. काही कळलं नाही तर फोन कर, म्हणून त्यांनी नंबरसुद्धा दिला. मला काय कळायचं राहिलं होतं?

घरी येऊन गेम उघडला. आणि गंमत बघा, सगळं सामान गेममध्येच होतं. जंगलात हिरवी पानं होती, ती कशाला उपयोगी पडतात ते मला नऊ दिवस कळलं नव्हतं. गावात पाटा-वरवंटा होता. बकरीचं दूध होतं. पानं वाटली, दुधात घातली, हिरवागार पेला तयार. माणसाला पाजला. तो झोकांड्या खात झोपडीत गेला आणि झोपला. आकाश काळं-निळं होत फिरलं, बरेच दिवस गेले. उठल्यावर मी त्याला गुहेत नेला, तो पोहत दारापर्यंत गेला, चाक फिरवलं.

दार उघडलं.

मी खुर्चीवरून उठून घरभर फिरलो. मग बसून चौदा पानं लिहिली. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं, 'नायकाला भांग पाजल्याशिवाय दार उघडत नाही.' खाली समजावूनही सांगितलं, की नशेत शरीर सैल पडतं आणि सैल शरीराला पाणी ओढत नाही. विज्ञान. डिप्लोमा सोडलेल्या माणसाचं विज्ञान.

शनिवारी व्हिडिओ कॉल ठरला. पप्पांना सुट्टी होती. ते मागे पलंगावर येऊन बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. नोकरी माझी, कॉल माझा आणि शर्ट ह्यांनी घातलेला. एक तारखेला चार दिवस उरले होते.

मॅडम तिशीच्या, शांत. माझी चौदा पानं वाचली म्हणाल्या, शेवटचं पान तर दोनदा वाचलं. मला ते कौतुक वाटलं. मग म्हणाल्या, आम्ही एक सेव्ह केलेला गेम पाठवलाय, तिथून दार उघडून दाखवा.

मी पानं वाटली. पेला केला. पाजला. माणूस झोपला, उठला, गुहेत गेला, चाकाला हात लावला आणि लाटेने त्याला पाचोळ्यासारखा उचलला. बुडाला.

"होतं असं," मी म्हणालो.

मॅडमच्या सेव्हपासून पुन्हा तेच केलं, पुन्हा बुडाला. तिसऱ्यांदा दूध जास्त घातलं. तिसऱ्यांदाही बुडाला. मागून पप्पांच्या घशातून एक आवाज आला. तो आवाज मी दहावीच्या निकालापासून ओळखतो.

मॅडमनी विचारलं, ही भांगेची कल्पना कुठून आली. मी म्हटलं, मनाची नाही, ज्याने मूळ गेम संपवला त्या माणसाने स्वतः सांगितलंय, हवं तर आत्ता विचारा. चुकलो असेन तर म्हाताऱ्याची चूक, हा माझा हिशोब. फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, केतन बोलतो. दार उघडत नाय हो."

"चंदर कसा हाय?"

"कोण चंदर?"

"आरे वर कोपऱ्यात चंदर असतो ना गेममध्ये. तो कसा हाय?"

मी बघितलं. कोपऱ्यात खरंच चंद्र होता. मी तो रोज बघत होतो, शोभेचा म्हणून. "गोल आहे. पूर्ण."

"मंग ते उधान झालं. पुनवेला पानी मरनाचं वडनार. तुला बोललो ना, भांगात जा. अष्टमीचा अर्धा चंदर झाला का जा."

"पण काका, भांग तर पाजली की त्याला."

मग काका हळूच म्हणाले, "कोनाला पाजली?"

"गेममधल्या माणसाला."

"का?"



मॅडमनी स्वतःचा आवाज बंद केला. चित्र बंद करायला विसरल्या. मी पूर्ण एक मिनिट त्यांना टेबलावर डोकं ठेवून हसताना बघितलं, आवाजाशिवाय. मागे पप्पा हसू आवरत पलंगाच्या दांड्याला धरून होते. त्यांनीच मला सांगितलं, म्हणजे त्यांनाही माहीत होतं, की पुनव-अवसेला उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीला जोर नसतो, पाण्याला ओढ नसते. त्याला भांग म्हणतात. तो भांग. तेव्हा जाळ्यात काही येत नाही म्हणून होड्या बंदरात आणि माणसं घरी. महिन्यातून दोनदा, चार-पाच दिवस, अख्खा गाव, आणि सरकार छापतं तो तक्ता भरती-ओहोटीचा. समुद्रापासून थोड्या अंतरावर जन्मलो मी, आणि मला समुद्राचं माहीत काय, तर कारखान्याचा नाला त्याला कुठे मिळतो ते.

मग त्याआधी माझ्या हातून दार उघडलं कसं? योगायोग. गेममधले दिवस माणूस झोपला तरच पुढे सरकतात, आणि तोवर मी त्याला कधी झोपवलाच नव्हता. तेव्हा आकाशात पूर्ण चंद्र होता आणि माझा हिरो टाइट होऊन नेमका आठवडाभर झोपला. उठला तेव्हा भांग होता. मॅडमच्या सेव्हमध्ये चंद्र अर्धा होता, म्हणजे दार उघडायची वेळ चालूच होती. सरळ गेलो असतो तर पहिल्या फटक्यात काम झालं असतं. मी त्याला पाजून, झोपवून, बरोब्बर उधाणात नेला. तीन वेळा.

मॅडमना आता माझ्यात रसच नव्हता. त्या काकांना विचारत होत्या, तुम्हाला कसं कळलं. काका म्हणाले, त्यात कळायचं काय, सगळी पोरं दाराकडे बघायची, आम्ही पाण्याकडे बघायचो. हे वाक्य ऐकलं आणि मी लाज बाजूला ठेवून विचारात पडलो. कुठल्यातरी लांबच्या देशात बसून कोणीतरी चार चौकोनांच्या समुद्रात खरी भरती-ओहोटी घातली होती. ती वाचली कोणी, तर सातपाटीच्या एका खोलीत भांगामुळे रिकामे बसलेल्या पोरांनी.

मॅडम शेवटी मला म्हणाल्या, "केतन, दार भांगात उघडतं. भांगेत नाही." आणि कॉल संपला.

मी लॅपटॉप मिटला. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट काढून परत हँगरला लावला. दोन दिवस मी हेल्परची चड्डी-बनियन घ्यायला कधी जायचं ह्याचा विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी मेल आली. वाचली, पुन्हा वाचली आणि पप्पांना दिली. ते चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. 'तुमची निवड झाली आहे. दारापर्यंत अचूक खेळणारे आम्हाला पुष्कळ मिळाले. खेळाडू किती आत्मविश्वासाने आणि किती दूरवर चुकू शकतो हे दाखवणारे तुम्ही एकटेच. प्रत्येक लेव्हलमध्ये शक्य तितकं चुकून दाखवणं, हे तुमचं काम राहील.'

पप्पांनी चष्मा काढला.

"म्हणजे चुकायचा पगार देणार?"

"हो."

"मग इतकी वर्षं फुकटात का राबलास?"