डोळ्याच्या औषधाला विरजण

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही गिचमिड आहे, माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. शिवाय उजव्या बुबुळावर बारीक पांढरा ठिपका आहे, म्हणून ओळ उतरत जाते. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण माफी मागून ठेवली की बरं वाटतं.

ठिपका दिग्रसचा, सासरच्या गावचा. लग्नानंतर मी तिथल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस साफ करायला जायची. डागी कापूस वेगळा काढायचा, पाला वेचायचा. एक दिवस बोंडाच्या टरफलाचा कण डोळ्यात गेला. मी डोळा चोळला. मग तो लाल झाला, उजेड सोसेना. मी पदर पुढे ओढून काम करत राहिले. शेजारच्या खाला, त्यांचे यजमान जिनातच मेकॅनिक, त्यांनी पदर वर करून पाहिलं.

"अगे, फूल पडून राह्यलं! घुंघट में अंधी होगी क्या?"

फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. त्यांनीच डब्यातून तीस रुपये काढून दिले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला यवतमाळला घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, बुबुळाला जखम आहे. थेंब दिले आणि डोळा धुवायला पुड्या. पाणी उकळून गार करायचं, त्यात पुडी विरघळवायची, रोज नवं करायचं, उरलेलं फेकायचं.

"फेकाचं? पैशाचं औषध?" आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या. पुडीचं पाणी त्या एका बाटलीत भरत, कालचं थोडं ठेवून त्यावर नवं ओतत आणि वाटीत घेऊन माझा डोळा धूत. "दह्याले विरजण लागते का नाही? जुन्यानं नव्याले जोर येते."

"मंग ताक कधी करशीन वो माय?" हे हसले. मलाही आत्याबाईंचं म्हणणं पटलं होतं.

आठवडाभरात बाटलीच्या तळाशी बुळबुळीत साका धरला. डोळ्यातून पू येऊ लागला. पुन्हा यवतमाळ.

"रोज नवं पाणी करता ना?"

"हो जी, रोजच करतो," आत्याबाई म्हणाल्या.

"तरी वाढलं असेल तर डोळा वाचेल असं मी सांगत नाही." डॉक्टर कागदावर लिहू लागले.

परक्या माणसासमोर, तेही आत्याबाईंच्या देखत, मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदराआडूनच म्हटलं, "विरजण लावतो जी."

"काय?"

पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. ते हसले नाहीत. म्हणाले, "विरजणानं दुधात जसे जंतू वाढतात, तसेच बाटलीत वाढले. बुबुळावरची पातळ साल आधीच फाटलेली. त्यातून ते आत शिरले." औषध बदललं आणि बाटली फेकून द्यायला सांगितली.

परतीच्या बसमध्ये आत्याबाई दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटलं, आता घरी ऐकून घ्यावं लागणार. दारव्ह्याच्या स्टँडवर त्या म्हणाल्या, "वाटी उकळाची का, तेही पुसाचं होतं तुनं."

मग त्या वाटी, चमचा, पाणी, सगळं उकळत आणि उरलेलं स्वतः मोरीत ओतत. ओतताना तोंड फिरवत. पू थांबला, लाली गेली, ठिपका तेवढा राहिला.

पुढच्या हंगामात मी परत जिनात गेले. डागी कापूस ओळखू येत होता. मजुरीतून खालांचे पैसे थोडे थोडे दिले. शेवटची नोट द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझा डावा डोळा हातानं झाकला आणि नोट लांब धरली.

"बता, कितने की है?"

"दोनाची."

"सही," म्हणाल्या, आणि नोट डब्यात टाकली. "हिसाब पूरा."