तारा डॉक्टरीण आणि खुशालरावांचं फाटक

भातकुली तालुक्यात डॉक्टर तारा इंगोले यांना सगळे ‘पोथीवाल्या डाक्टरीणबाई’ म्हणतात. बाई पोथी वाचत नाहीत, आणि उपासतापासांशी तर त्यांचा उभा दावा. पण सरकारी तपासणीसाठी कोणाच्या गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये जायचं असलं, की बाई फाटकाबाहेर उभ्या राहतात, पिशवीतून आदेशाचा कागद काढतात आणि पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. मालक जांभया देतो, सोबतचा शिपाई या पायावरून त्या पायावर होतो, बाईंचं वाचन काही तुटत नाही. तिवस्याहून बदलून आलेला एक तलाठी एकदा म्हणाला, "म्याडम, यायले काय समजते त्यातलं? सह्या घ्या अन् चला." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बापडा संध्याकाळपर्यंत मुक्यानंच फिरला.

ही खोड बापाची. कमलाकांत इंगोले अकोल्यातले वकील. जेवताना वरणभातासोबत पोरीला कायदा कालवून खाऊ घालायचे. "राहत्या घरात शिरायचं तर मॅजिस्ट्रेटचं वारंट पाहिजे," ते सांगायचे. "गोठ्यात, शेडमध्ये रोग तपासायला पशुवैद्याला कायद्यानंच मुभा आहे. पण मुभा म्हणजे मालकी नाही! आपण कोणत्या अधिकारानं आलो ते त्याला ऐकवायचं, आणि आपल्यावर काय बंधनं आहेत तेही ऐकवायचं. अर्धाच कागद वाचतो तो लबाड." पोरगी वकील होईल अशी त्यांना खात्री होती. ती अकोल्याच्याच पशुवैद्यकीय कॉलेजात गेली, तेव्हा त्यांनी चार दिवस अबोला धरला. "वकिलाची पोर म्हशीच्या मागं?" तारा म्हणाली, "म्हैस उलटतपासणी तरी घेत नाही, बाबा." वकीलसाहेब हसले आणि अबोला तिथंच संपला.

अशी ही बाई. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढणारी, आणि "बाईमाणसाचं काम नाही हे" म्हणणाऱ्या बाप्याला त्याच वासराचे पाय धरायला लावणारी. आपल्या कामात आपण चुकत नाही, असा तिचा भरवसा होता. आणि खरं सांगायचं तर तो फारसा खोटाही नव्हता.

त्या वर्षी ऐन थंडीत, तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत, तालुक्यातल्या एका गावात एका शेडमधल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या. प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू म्हणून सांगितलं. मग काय, एकच धावपळ! रोगाच्या शेडमधली पाखरं मारून पुरायला एक पथक नेमलं, आणि आसपासच्या चांगल्या शेडमधून नमुने घ्यायला दुसरं. हे दुसरं पथक ताराकडे होतं. रोगाच्या शेडकडे या पथकानं फिरकायचंसुद्धा नाही, असा तिचा हुकूम होता. गाडी धुतलेली, गमबूट कोरे, अंगावरचे पांढरे किट प्रत्येक शेडला नवे. तिचा मदतनीस देवीदास कुरकुरला, "म्याडम, कपडे बदलू बदलूच दिवस जाईन." पण त्यानं ऐकलं.

तपासणीचा पंचनामा करायचा तर पंच पाहिजेत. आणि त्या गावात पंच म्हटलं की देवमन. शेतातली मोटार चोरीला जाओ, वीज पडून बैल मरो, पंच म्हणून सही देवमनचीच. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, तोंडात पान. त्याला त्याचा भारी अभिमान. इतर पंच झाडाखाली बसून सही ठोकतात. देवमन तसा नव्हता. "आपल्या डोयानं पाह्यल्याशिवाय मी सही करत नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. तारा गावात आली तेव्हा तो चौकात तयारच उभा होता. कोतवालानं बोलावलं होतं. देवीदासनं सरकून त्याला जागा केली, देवमन गाडीत बसला आणि गाडी निघाली. देवमनला काय विचारायचं, तो तर ठरलेलाच. कोणीच त्याला काही विचारलं नाही.

पहिलीच शेड खुशालरावांची. गावाबाहेर, रस्त्याला लागून. म्हणायला खुशालरावांची, पण उभी केली होती त्यांच्या बायकोनं, कौशल्याकाकूंनी. पांढऱ्याशुभ्र अंड्याच्या कोंबड्या. अमरावतीच्या दुकानांत अंडी जायची. काकू पहाटे उठून शेड झाडायच्या, पाण्याच्या नळ्या धुवायच्या, फाटकाशी चुन्याचा पट्टा ओढायच्या. पाहुणा आला तर चहा फाटकाबाहेर. सख्खा भाऊसुद्धा आत जाऊ शकत नव्हता, आणि त्यावरून माहेरी रुसवाफुगवी झाली होती.

त्या दिवशी फाटकाला आतून कुलूप होतं. खुशालराव आत उभे, हात मागं बांधून.

"वारंट हाय काय, म्याडम?"

"वारंट राहत्या घरासाठी लागते, काका. शेडसाठी आदेश पुरतो. वाचून दाखवतो."

"वाचा. आमी काही कुठं जाऊन नाही राहिलो."

ताराने वाचायला सुरुवात केली. कोणत्या कायद्यानं, कोणत्या हद्दीत, कोणत्या कामासाठी. खुशालराव एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. काकू शेडच्या दाराशी पदर खोचून उभ्या. वाचता वाचता बाई शेवटच्या भागाला आल्या: रोगग्रस्त ठिकाणी गेलेल्या कोणत्याही व्यक्तीने त्यानंतर अन्य पक्षिगृहात प्रवेश करू नये.

"थांबा," खुशालराव म्हणाले. "तुमच्यातलं कोनी तिकडे जाऊन आलं काय?"

"कोणी नाही," तारा ठणकावून म्हणाली. "हे पथकच वेगळं आहे."

आणि मागून देवमन तितक्याच ठणक्यात बोलला, "मी गेल्तो ना! सकायीच. थ्या पंचनाम्यावर माहीच सही हाय. आतमंदी जाऊन पाह्यलं, मंगच केली."

झालं! देवीदासनं मान खाली घातली. तारा कागद हातात तसाच धरून मागं वळली.

"किट घातली होती ना, देवमनभाऊ? पायात?"

"किट घातली. थ्या पायातल्या पिशव्या घसरत होत्या, थ्या काढून टाकल्या. ह्याच चपला होत्या." त्यानं पाय पुढं करून दाखवल्या. भुसा चिकटलेल्या, शिवलेल्या चपला.

खुशालरावांचा आवाज चढला. "अन् ह्या मानसाले तुमी माह्या पाखराईत घेऊन चालल्या होत्या? रोग पाहाले आल्या का रोग वाटाले?"

इतक्यात साहेबांचा फोन आला. अमरावतीच्या जिल्हा कार्यालयातून. "मॅडम, किती शेड झाल्या? एकही नाही? अडवत असेल तर पोलीस आहे ना सोबत? कुलूप तोडा. तुम्हाला अधिकार आहे."

तारा बाजूला झाली. "सर, पंच रोगाच्या शेडमधून आलाय."

"मग पंच बाहेर ठेवा आणि तुम्ही आत जा. आज नमुना नाही आला आणि उद्या तिथं रोग निघाला, तर जबाबदारी तुमची. लक्षात ठेवा."

साहेबांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हीच तर पंचाईत. अधिकार तिच्या हातात होता, पोलीस शिपाई तिच्या शेजारी होता. या शेडमध्ये रोग असेल, तर एक दिवसाच्या उशिरानं तो आणखी कुठं पोचेल सांगता येत नव्हतं. पण देवमन चौकापासून इथवर गाडीत तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता, आणि त्याच चपला तिच्या कोऱ्या गमबुटांना घासत होत्या. शिवाय जो कागद तिनं आत्ता मोठ्यानं वाचला, त्याच्या अर्ध्या भागावर उभं राहून कुलूप तोडायचं? आणि तेही या माणसाच्या तोंडासमोर?

"आज आमी आत येत नाही," ती फाटकाजवळ येऊन म्हणाली. "चूक माझी आहे, काका. विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. उद्या सकाळी दुसरी गाडी, दुसरे पंच घेऊन येतो. तोवर एक अंडं की एक पाखरू बाहेर जाऊ देऊ नका. आणि काही कमीजास्त वाटलं तर मला फोन करा."

खुशालरावांना हे अपेक्षित नव्हतं. ते दोन पावलं मागं सरले. "नाही जाऊ देत," ते म्हणाले. "शब्द हाय आपला."

देवमनच्या चपला रस्त्याच्या कडेला जाळल्या. तो भयंकर रागावला. "मी काय रोगी हाय? खरं बोललो थे चुकलं काय?" तारा म्हणाली, "तुमी खरं बोलले म्हणून तर वाचलो आपण." तरी तो देवीदासनं दिलेल्या रबरी बुटांत पाय घालून बडबडतच घरी गेला.

पण गावात बोलणं कुठं थांबतं! दुपारपर्यंत आजूबाजूच्या शेडवाल्यांच्या मोबाईलवर एकच गोष्ट फिरली: डाक्टरीणबाईचे लोक पायानं रोग घेऊन फिरतात. फटाफट कुलपं लागली. एकानं तर बाभळीच्या काट्या आणून फाटकाला लावल्या. त्या संध्याकाळी तारा बंद शेडची यादी समोर घेऊन बसली होती. आपण बरोबर वागलो हे तिला माहीत होतं, आणि बरोबर वागूनही सगळी दारं बंद झाली, याचा तिला राग येत होता. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "परत फिरलीस ना? मग जेव आणि झोप."

सकाळी ती गाडीत बसतच होती, तर खुशालरावांचा फोन.

"बाई, लवकर या. पाखरं माना टाकून राहिले."

हा माणूस गुपचूप खड्डा खोदून ती पाखरं पुरू शकला असता. उरलेली टेम्पोत भरून अचलपूरच्या बाजारात पाठवू शकला असता. तसं करणारे तिनं पाहिले होते. "कोनी बाहेर नेलं नाही ना काका?"

"शब्द दिल्ता ना तुमाले."

नमुने गेले, आणि जे यायला नको होतं तेच अहवालात आलं. आता या शेडमधली सगळी पाखरं मारायची. रोगाच्या शेडमध्ये पाय पडल्यामुळे तारा आणि देवीदास आता मारणाऱ्या पथकात, आणि नमुन्यांचं काम एका नव्या पथकाकडे. पाखरं मारायला गेले त्या सकाळी फाटकाचं कुलूप कौशल्याकाकूंनी स्वतः उघडलं. पथक किट चढवून आत गेलं तर सगळ्या भांड्यांत दाणा भरलेला, नळ्यांना ताजं पाणी. देवीदास म्हणाला, "काकू, आता कशाले?" काकू म्हणाल्या, "काहून, उपाशी मारता काय त्यायले?" आणि मग त्या तिथंच मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. ताराला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्या किटमध्ये कुणाला जवळ घेता येत नाही.

काम चाललं असताना खुशालराव शेडकडे पाठ करून उभे होते. आजूबाजूची कुलपं अजून उघडली नव्हती. कोणाच्या शेडमध्ये काय चाललंय कळायला मार्ग नव्हता, आणि पोलीस घेऊन प्रत्येक फाटक तोडलं असतं तर रात्रीतून पाखरं गायब झाली असती. खुशालरावांना हे तारानं सांगितलं नव्हतं. त्यांना ते न सांगता कळत होतं, कारण तेही शेडवालेच. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, शेडवाल्यांच्या ग्रुपवर बटण दाबून धरलं आणि बोलायला लागले.

"मी खुशालराव बोलून राहिलो. माह्या शेडात रोग निंगाला. माह्या शेडात, आइकलं काय? डाक्टरीणबाईनं नाही आणला. बाई तं माह्या फाटकापासूनच वापस गेल्त्या, पाय नाही टाकला आत. त्या दिवशी कुलूप तोडून आल्या असत्या, तं मी मरेपर्यंत म्हणत राह्यलो असतो का रोग बाईनंच आणला, अन् तुमी सारे बी तेच म्हणले असते. आता कोनाच्या नावानं बोंबलू? थो अगोदरच आत होता बाप्पा. आमाले दिसला नाही." त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी बटण मात्र सोडलं नाही. "लपवू नका. दारं उघडा. माही कौशल्या रडून राहिली, तुमच्या घरी तरी नोका रडू."

तारा शेडच्या दारात उभी होती. चष्म्यावर वाफ आली होती, डोळे भरले होते, आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. बाहेर रस्त्यावर गाडीजवळ नमुन्यांच्या नव्या पथकाचा माणूस फोन कानाला लावून उभा होता. त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "म्याडम, काट्या लावल्या होत्या ना ज्यानं, थो फोन करून राहिला. म्हणते, माह्याकडे पह्यले या."